दोन टन कचरा

"आणि हे आपलं सगळ्यात मोठं यश," शलाका म्हणाली. पडद्यावर अक्षरं आली : दोन टन कचरा साफ.

मारतहळ्ळीतल्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये टाळ्या पडल्या. चक्रीवादळानंतर बेटावर सेवेला गेलेली पहिली तुकडी परतली होती. दुसरी उद्या निघणार होती. हातमोज्यांची खोकी दाराशी रचून ठेवली होती.

"कचरा म्हणे! डोळे फुटले होते का गं तुमचे?"

मागच्या रांगेत अहल्याअक्का उभ्या राहिल्या. चामराजपेटेत त्यांचं सुंभाचं दुकान. त्या बेटावरच्या बायकांनी वळलेलं सुंभ त्या चाळीस वर्षं विकत होत्या. इथं त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"आंटी, क्वेश्चन्स शेवटी हं," माइकपाशी उभा असलेला मुकुल म्हणाला.

"आंटी घरी तुझ्या. मला अक्का म्हणतात. आणि विचारत नाहीये, सांगतेय. ती नारळाची सोडणं होती. दहा महिने खाऱ्या पाण्यात कुजवली की काथ्या सुटतो. वादळानं घरं नेली, होड्या नेल्या. किनाऱ्यावरच्या खड्ड्यात दगडांखाली दाबलेली सोडणं तेवढी वाचली. ती तुम्ही उपसलीत. पेटेनात, तर वर डिझेल ओतलंत."

"पण केवढा घाण वास येत होता!" शलाका म्हणाली.

"कुजवलेल्याला काय अत्तराचा येतो?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. शलाकानं घाईनं व्हिडिओ लावला. रांगेत उभी पोरं सोडणं हातोहात बाहेर देत होती. वर गाणं वाजत होतं. कोपऱ्यात कमरेएवढ्या पाण्यात एक म्हातारी तीच सोडणं उचलून परत खड्ड्यात टाकत होती.

"त्या आजी ना! सो क्यूट. त्यांना वाटलं, आम्ही काहीतरी खेळतोय."

"ती कुंजीबी," अक्का म्हणाल्या. "रोज फोन करून रडते. पूर्वेचे खड्डे तुम्ही संपवलेत. पश्चिमेचे राहिलेत, तेवढ्यांवर ते गाव उभं राहील. जाऊ नका उद्या."

मुकुल खोक्यांकडे बघत राहिला.

"असं कसं?" शलाकाचा आवाज चढला. "कचराच काढायचा नाही, तर आम्ही तिथं जाऊन करायचं काय?"

"सरी, बरं. तिलाच विचार. मोडकंतोडकं हिंदी कळतं तिला." अक्कांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि तिच्यापुढे धरला.

शलाकानं आवाज मऊ केला. "अम्मा, काळजी करू नका हं. आम्ही उद्या परत येतोय. या वेळी चाळीस जण."

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. मग कुंजीबीचा आवाज लांब लांब जात राहिला. एकेकीच्या नावानं हाका मारत ती पश्चिमेच्या किनाऱ्याकडे धावत सुटली होती.