नमुन्याचा डोळा

"पप्पा, हलू नका. पापणीसुद्धा नाही."

अरविंदभाऊंनी हनुवटी पट्टीवर घट्ट टेकवली. राजपुऱ्यातल्या घरात, पुढच्या खोलीत चारुलताने डोळे तपासायचं नवं यंत्र मांडलं होतं. पुण्याच्या प्रयोगशाळेत तिनेच ते घडवलं होतं. आत तांदळाच्या दाण्याहून लहान लेझर होता. त्यातला वीजप्रवाह बदलला की प्रकाशाची तरंगलांबी क्षणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायची. याला ती स्वीप म्हणायची. स्वीप जितका रुंद, तितका डोळ्याच्या आतला पडदा बारकाईने मोजता यायचा.

उद्या जवळच्याच बुधवारा वस्तीत नेत्रशिबिर होतं. आणि आज पडद्याची जाडी भलतीच जास्त येत होती.

"बसमध्ये हादरे बसले असतील. स्वीप बिघडलाय," ती स्वतःशीच म्हणाली.

वडील साठी उलटूनही चष्मा न लावता यंत्रमागाचे सुटे भाग विकत होते. म्हणून त्यांचा डोळा तिने निरोगी नमुना धरला होता. तिने लेझरचे आकडे बदलले. मोजलं. पुन्हा बदलले. अरविंदभाऊ दुकान बंद ठेवून सकाळपासून बसले होते. एकदाही कुरकुरले नाहीत. दुपारी जाडी पुस्तकात असते तेवढी आली.

"झालं, पप्पा!"

"सगळं ठीक आहे ना, बेटा?"

"एकदम ठीक."

अरविंदभाऊंनी सुस्कारा सोडला आणि देवघराकडे वळून हात जोडले. यंत्र नीट झालं म्हणून कुणी एवढे हात जोडतं का? तिला हसू आलं.

आई, कोकिळाबाई, पदराला हात पुसत आल्या. "माझा पण बघून दे ना."

त्यांच्या डोळ्याचा पडदा फारच पातळ आला. चारुलताने स्वतःचा डोळा लावला. तोही पातळ. तिने सकाळचे आकडे परत घातले. आता आईचा बरोबर. तिचा स्वतःचाही बरोबर.

तिने वडिलांना पुन्हा बसवलं.

त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुजलेला होता. सकाळपासून यंत्र हेच सांगत होतं आणि ती यंत्राला गप्प करत होती. उद्या शिबिरात असे किती डोळे तिने निरोगी म्हणून घरी पाठवले असते!

"पप्पा, ह्या डोळ्याने कमी दिसतं का?"

"धूसर दिसतं. अक्षर पुसल्यासारखं."

"मग मला सांगितलं का नाही?" तिचा आवाज चढला.

अरविंदभाऊंनी गोंधळून हनुवटी पट्टीवरून उचलली.

"सांगितलं होतं ना बेटा, मागच्या महिन्यात फोनवर. तू घाईत होती. मला वाटलं, त्याच्यासाठीच तू ही मशीन घेऊन घरी आली."