राणीसाहेबांचं रुखवत

"पारिजातकाला पाणी पाहिजे का, राणीसाहेब?" चेअरमन विठ्ठलरावांनी विचारलं आणि गावच्या सोसायटीची सगळी सभा खदखदून हसली.

सत्यभामा उभीच राहिली. तिनं पारिजातक मागितला नव्हता. विठ्ठलरावांनी आपल्या विहिरीचं पाणी गावाच्या जनावरांना द्यावं, एवढंच ती म्हणाली होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. तिच्या चाळीस मेंढरांतली अकरा उरली होती.

"विहीर कोरडी हाय. तहसीलला तसं लिहून दिलंय," विठ्ठलराव म्हणाले. "आता पुराणातल्यावानी रुसू नका. काय बे सिदू, घरी ने तुझ्या राणीसाहेबाला."

तिचा नवरा सिदू मान खाली घालून उठला.

विठ्ठलरावांची ही रीतच होती. सभेत कुणी प्रश्न विचारला की ते त्याला एक नाव चिकटवायचे. लोक हसायचे, प्रश्न हसण्यावारी जायचा. त्यांच्या विहिरीवर पत्रे होते, पत्र्याला कुलूप होतं आणि शेजारची मोसंबीची बाग मात्र हिरवीगार होती. ती कशावर जगते हे गावाला पक्कं ठाऊक होतं. पण बोलून नवं नाव कोण पदरात घेणार?

त्या दिवसापासून सत्यभामेला नावानं कुणी हाकच मारेना. सिदूनं पारावर बसणं सोडलं. महिनाभरात आणखी चार मेंढरं गेली. एकेक मेंढरू पाय झाडायला लागलं की तिच्या कानात सभेतलं हसणं वाजायचं. त्या माणसाचं तोंड चारचौघांत उतरलेलं बघायचं, मग मरण आलं तरी चालेल, असं तिला वाटायचं. राग असा की भाकर गिळवत नव्हती.

अशात विठ्ठलरावांच्या लेकीचं लग्न ठरलं. तेलगावचं स्थळ, उसाचे बागायतदार. रुखवताची गाणी म्हणायला सत्यभामेला बोलावणं आलं. येणारच होतं. रुखवतात दोन्हीकडच्या बायका एकमेकींना गाण्यातून टोमणे मारतात, आणि कितीही झोंबलं तरी कुणी रागवायचं नसतं. या कामात पंचक्रोशीत सत्यभामेचा हात धरणारी कुणी नव्हती.

"सत्ये, आयता गावलाय," शेजारची दगडाबाई म्हणाली. "अशी खिल्ली उडीव, की पाव्हण्यात तोंड दाखवायला जागा न्हाई राहिली पाहिजे."

सत्यभामा नुसती हसली. कितीतरी दिवसांनी.

हळदीच्या दिवशी चेअरमनची बायको मुक्ताबाई स्वतः तिच्या दारात आली. "बाई, मालकांनी तुला लई छळलं. पण माझ्या लेकीच्या मांडवात त्यांची टिंगल नको करू."

"खंडोबाची आण, वैनी. टिंगलीचा एक शबुद माझ्या तोंडून निघायचा न्हाई."

मुक्ताबाई डोळे पुसत गेली.

लग्नाच्या दिवशी मांडव भरला. पुढं लोडाला टेकून व्याही बद्रीनाथराव, त्यांच्या शेजारी खास बोलावलेले नवे तहसीलदार. रुखवत मांडलं आणि तेलगावकरणींनी सुरुवातच केली:

"रुखवतात मांडली घागर, आत वाजतो वारा,
विहीणबाई, हात धुवायला वाळू तरी सारा!"

पाहुणे खो खो हसले. विठ्ठलरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना हसवलेला माणूस तो, स्वतःवरचं हसू त्याला सोसेना.

"राणीसाहेब, द्या की उत्तर!" ते ओरडले.

सत्यभामा उठली. दगडाबाईनं पदर तोंडाला लावला. सत्यभामेनं खणखणीत आवाजात म्हटलं:

"रुखवतात मांडली परात, परातीत केळं,
विठ्ठलरावांच्या विहिरीत तीन परस खोल तळं!
धा इंजिनं लावा, पाणी हटत न्हाई,
असा दाता व्याही तेलगावात भेटत न्हाई!"

बद्रीनाथरावांनी भुवया उंचावल्या. "व्याही, एवढं पाणी हाय?"

"मग बाई काय खोटं बोलती का?" विठ्ठलरावांनी उभं राहून मिशीवर ताव दिला. "अजून चार गावं पितील!"

टाळ्या पडल्या. विठ्ठलरावांनी खुशीनं सत्यभामेच्या हातात खण ठेवला. दगडाबाईनं तिच्याकडं पाठ फिरवली.

वाटेत सिदू म्हणाला, "ज्यानं आपल्याला हसण्यावारी नेलं त्याचीच तळी उचललीस? कावून?"

"शबुद दिलता," ती म्हणाली, आणि पुढं चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलची जीप विठ्ठलरावांच्या मळ्यात शिरली. मागून सगळं गाव जनावरं घेऊन आलं. तहसीलदारांनी हातातला कागद पुढं केला. पाणी असलेली विहीर आजपासून गावासाठी सरकारच्या ताब्यात, कुलूप उघडा, असं ते म्हणाले. विठ्ठलरावांचं तोंड उतरलं. त्यांनी एकदा गावाकडं पाहिलं, एकदा सत्यभामेकडं पाहिलं, आणि सगळ्यांच्या देखत हात जोडून ते कळवळून म्हणाले, "साहेब, आईची आण, ती बाई माझी टिंगल करीत होती!"