कलायोपी

“कल्योपी!” आजीने मागून हाक मारली.

नात चादरीवर बसून लाकडी चमचा चघळत होती. तिने मान वळवली नाही.

“उच्चार चुकला, आई,” सून म्हणाली. “क-लाय-ओ-पी. ‘लाय’वर जोर द्यायचा. चुकीचं म्हटलं की ती बघत नाही.”

“आठ महिन्यांची पोर, आणि तिलाही माझ्या चुका कळायला लागल्या!” आजी म्हणाली आणि जिना उतरून खाली लॉण्ड्रीत गेली. तोंडावर उत्तर दिलं खरं, पण कानशिलं तापली होती.

लॉण्ड्री तिची स्वतःची. नवरा गेल्यावर तिने एकटीने उभी केलेली. तिथे कुणालाच स्वतःचं नाव नव्हतं. नवा माणूस आला की आजी त्याच्याकडे एकदा नीट बघायची आणि तिच्या तोंडून काहीतरी निघायचं. ते जन्मभर चिकटायचं. मान वाकडी असलेला गाडीवाला म्हणजे तिरपा. उंच शिवणवाली म्हणजे शिडी. पोटचा मुलगा लहानपणी बोलताना अडखळायचा, तो अडक्या. बाप झाला तरी भर गिऱ्हाइकांत अडक्याच. इस्त्रीवाला ठार बहिरा होता, तो दगड्या. त्याला बोलवायचं तर लाकडी फळ्यांच्या जमिनीवर टाच आपटायची. फळ्या हादरल्या की तो वर बघायचा.

“मी माझ्या पदरचं काही सांगत नाही,” आजी म्हणायची. “दिसतं तेच बोलते.”

पोर पोटात होती तेव्हाच सुनेने बजावलं होतं. “आई, हिला नावानेच हाक मारायची. टोपणनाव नाही.” मुलाला झोई हवं होतं, म्हणजे जीवन. सोफियाचाही विचार झाला, म्हणजे शहाणपण. शेवटी सुनेने कलायोपी निवडलं. तेही ग्रीकच. अर्थ, गोड आवाजाची.

“अजून ट्यँ केलं नाही, आणि आवाज गोड?” आजी हसली होती.

आता हसू येत नव्हतं. सून पोरीसमोर जाऊन बसायची, गालाला बोट लावायची, नाव घ्यायची, की पोर खुदकन हसायची. मुलाचंही तसंच. आजी मात्र कामाच्या गडबडीत येता-जाता पाठीमागून हाक मारायची, आणि पोर ढिम्म. बाकी गुणाची होती. खाली वाफेचं मशीन शिट्टी मारायचं, तरी वर ढाराढूर झोपायची. “लॉण्ड्रीतली पोर आहे, आवाजाला काय भिणार!” आजी गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची. सून तेव्हा कपडे मोजायला वळायची.

रविवारी विहीणबाई जेवायला येणार होत्या. विहीणबाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर स्वतःच्याच नातीने आपल्याकडे पाठ फिरवायची, या कल्पनेने आजीला घास गोड लागेना. चौथीत शाळा सुटली, याची लाज तिला कधी वाटली नव्हती. ती आता, या वयात वाटायला लागली.

तिने मोबाइलमधल्या बाईला गुरू केलं. ती बाई नाव म्हणायची, आजी मागून म्हणायची. आधी कलोपी झालं, मग कलयापी. शिडी तोंडात सुई धरून हसली.

“हस गं हस,” आजी म्हणाली. “लिहिताना एक अन् म्हणताना दुसरं! या ग्रीकांची कुणी खरडपट्टी काढली नाही का कधी?”

शनिवारी ते जमलं. वाफेत उभं राहून तिने ते परत परत म्हणून पाहिलं. मोबाइलमधल्या बाईइतकंच स्वच्छ येत होतं.

रविवारी जेवणं झाली. पोर वरच्या खोलीत, तशाच फळ्यांच्या जमिनीवर, चादरीवर बसली होती. विहीणबाई, मुलगा, सून सगळे भोवती. दगड्या खालून खुर्च्या घेऊन आला होता आणि दाराशी पाठमोरा उभा राहून एकेक पुसत होता.

आजी पोरीच्या मागे जाऊन उभी राहिली. पदर सावरला.

“कलायोपी.”

“वा!” विहीणबाई म्हणाल्या. “माझ्यापेक्षा छान म्हणालात की.”

पोर चमचा चघळत राहिली.

“कलायोपी,” आजीने पुन्हा म्हटलं. मग एकदा मोठ्याने.

मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला.

“उच्चार...” सून म्हणाली आणि थांबली. चुकलेलं काही उरलंच नव्हतं.

आजीचा चेहरा उतरला. म्हणजे खोट जिभेत नव्हती. पोरीला आपणच नको होतो. विहीणबाईंची नजर तिला सहन होईना. काहीतरी काम काढून विषय बदलावा म्हणून तिने, सवयीने, दगड्याला चहा आणायला पाठवण्यासाठी टाच जमिनीवर जोरात आपटली.

दाराशी दगड्याने मान वळवली.

चादरीवर नातीनेही वळवली. तिने आजीच्या पायाकडे पाहिलं, मग वर तोंडाकडे, आणि बोळकं पसरून हसली.

सुनेने खाली वाकून पोरीला उचललं आणि छातीशी घट्ट धरलं.

“ही चार महिन्यांची होती तेव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “तुम्ही हिला दगडी म्हणाल, याची भीती वाटली, आई.”