दुसऱ्या नंबरावर मसाजी

रागिणीचं लग्न झालं तो दोन हजार सहाचा उन्हाळा. दारातल्या मांडवाचा पाला वाळून खडखडत होता, पण तो उतरवायला तिच्या बापाला, मसाजीला, सवड नव्हती. तो कनेरगाव नाक्यावर प्रभूच्या कंप्युटरच्या दुकानात उभा होता. नव्या व्याह्यांना, साखऱ्याच्या हरिचंदला, त्यानं खुर्ची दिली होती.

"प्रभू, टाक माझं नाव."

मसाजीच्या मेंढ्याला जिल्ह्याच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला होता. भर पंगतीत हरिचंद म्हणाला होता, "असले मेंढे आमच्यात दारोदार हायत." ते मसाजीला झोंबलं होतं. प्रभूच्या मशिनीत सगळं जग आहे, असं नाका म्हणत होता. जग आहे तर मेंढा असणार, आणि मेंढा आहे तर मालक असणारच. व्याह्याला हे एकदा डोळ्यांनी दाखवायचं होतं. शेजारच्या ढाब्यावरची माणसंही चहाचे ग्लास घेऊन दारात येऊन उभी राहिली.

प्रभूनं इंग्रजी अक्षरांत नाव टाकलं.

"पहिलं मालिशवाल्याचं आलं, मामा. मसाजी म्हणलं की तेला मसाज वाटून राहिलं."

"नाव हाय म्हणा जगात," हरिचंद म्हणाला. "तेल चोळायला."

"दुसरं बघ," मसाजी म्हणाला.

दुसरं प्रभूनं मनातल्या मनात वाचलं आणि मशिनीच्या काचेवर तळहात ठेवला.

"काहून हात ठेवला? वाच."

"जाऊ द्या मामा. ते जगातलं न्हाई."

"जगातलं न्हाई, तर जगाच्या रांगेत काहून बसलं?"

दोष प्रभूचाच होता. हिंगोलीच्या एका मित्राकडून त्यानं नवा प्रोग्राम आणून मशिनीत घातला होता. या मशिनीवर ज्यानं ज्यानं मेल उघडले, त्याचे ते मेलही आता जगाच्या माहितीबरोबर एकाच यादीत येत. वेगळं शोधायला नको, तकलीफ वाचते, असं तो गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचा. कुणाची तकलीफ, ते आज दिसलं.

"वाच म्हणतो ना!"

"तुमच्या हनुमाननं पुण्याला साहेबाला धाडलंय. इथूनच." प्रभूनं आवाज खाली घेतला, पण दारापर्यंत गेलाच. "माझे वडील मसाजी अचानक वारले. तेराव्यापर्यंत सुट्टी द्यावी."

हरिचंद खुर्चीवरून उठला.

"आता तुमाला रामराम घालावा का खांदा द्यावा, सोयरे?"

दारात हशा उठला. कुणाच्या तरी नाकातून चहा आला.

पुण्याच्या कंपनीत असलेला हनुमान बहिणीच्या लग्नानंतर पंधरवडाभर घरी राहिला होता. साहेबाचा आपल्यावर लई जीव आहे, म्हणून सुट्टी वाढली, असं त्यानं सांगितलं होतं. मसाजीनं ते गावभर सांगितलं होतं. आता त्यानं पटका काढला, झटकला, पुन्हा बांधला. तेवढा वेळ त्याला पुरला.

"मीच लिवाय सांगितलं व्हतं."

"स्वतःचं मरण?"

"मांडवाच्या दिवशी मला कडुनिंबावर कावळ्यांचा जोडा लागलेला दिसला."

हशा जागीच बसला. ते ज्याला दिसतं तो जगत नाही, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. उताराही ठाऊक होता. आपण मेल्याची खोटी बातमी पाठवायची, कुणीतरी खरं खरं रडायचं, म्हणजे मरण फसून मागं फिरतं.

"पर बातमी सोयऱ्याला धाडत असतेत," हरिचंद म्हणाला. "आमाला न्हाई आली."

"तुमी गावाला सांगता. चार बाया रडतेत. मी जगाला सांगितलं." मसाजीनं काचेवर बोट ठेवलं. "दुसरा नंबर हाय, बघून घ्या."

माणसांनी माना डोलावल्या. एकानं त्याला शंभर वर्षांचं आयुष्य देऊनही टाकलं. जग वेगळं आणि ही मशीन वेगळी, असं प्रभू सांगू लागला, तर त्यालाच गप्प बसवलं.

"आता सोयऱ्यांचं टाक," मसाजी म्हणाला. "तेंचंही पोरगं इथंच येतंय ना मेल कराय?"

हरिचंदला एकदम मेंढरं सोडायची आठवण झाली. दारातली गर्दीही पांगली. दुसऱ्याचं ऐकायला सगळे जमले होते, आणि प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी त्या मशिनीत होतं.

मसाजी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. पंचफुलाबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती.

"पोरानं माझं कुकू पुसून सुट्टी काढली व्हय?"

"सुट्टी न्हाई, उतारा हाय तो. तू जरा रड. कुणीतरी रडाय पाहिजे."

"कावळे खरंच दिसले व्हते का?"

मसाजी मांडवाचा पाला ओढू लागला. पंचफुलाबाई काही रडली नाही.

पुढं तीन वर्षांनी हनुमाननं साहेबाला पुन्हा तसंच लिहिलं. साहेबाकडेही तोवर नाव टाकलं की जग आणि टपाल एकाच रांगेत येऊ लागलं होतं. त्यानं मसाजीचं नाव टाकलं. मालिशवाला पहिला आला, जुना अर्ज दुसरा. सुट्टी मिळाली नाही. अग्नी जावयानं दिला. हनुमान रविवारी आला, तेव्हा राख भरून झाली होती. पंचफुलाबाई या वेळी पोटभर रडली, पण आता त्याचा उतारा होत नव्हता.

कंपनीत मसाजी वारला दोन हजार सहाच्या मे महिन्यात. घरी तो वारला दोन हजार नऊ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.