दोनशे यार्डांचा मेळ

"शंभरावर लाव," गॅरेट म्हणाला. "जंगलात त्याहून लांबचं दिसतं तरी कुठं?"

मर्ल जुन्या खडीच्या खाणीत ट्रकच्या बॉनेटवर वाकला होता. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवलेली. दुर्बिणीतली फुली आणि गोळी कितव्या यार्डावर एका ठिकाणी जुळवायची, यावर तासभर वाद चालला होता.

मेळ शंभरावर बसवला, तर दोनशेवर गोळी चार बोटं खाली लागते. दोनशेवर बसवला, तर शंभरावर दोन बोटं वर. हरणाच्या छातीत तेवढ्याने काही बिघडत नाही. पण नेम चुकलेल्या माणसाला दोष ढकलायला तेवढी जागा पुरते, आणि मर्ल ती जागा नेमाने वापरायचा.

पेन्सिल्व्हेनियाच्या त्या डोंगरांत नेम चुकला की शर्टाचा पाठीमागचा सोगा कापून शिकारीच्या खोपटात भिंतीला ठोकतात. मर्लच्या मेहुण्यांच्या खोपटात त्याचे पाच सोगे लटकत होते. "आता तुला शर्ट नको, पडद्याचं कापड आणते," असं त्याची बायको डार्लीन चारचौघांत म्हणायची. मर्ल हसायचा, पण ते त्याला झोंबायचं.

"दोनशेवर लावतो," तो म्हणाला.

"का?"

मर्लने दुर्बिणीवरची चकती फिरवली. "झूक शेतकऱ्याच्या गवताच्या रानात संध्याकाळी मोठा नर उतरतो म्हणे. रस्त्यापासून दोनशे यार्डांवर."

"रस्त्यापासून?" गॅरेटने विचारलं.

"अरे, बोलायची रीत झाली."

"तुझी रायफल. तू ठरव."

गॅरेट सप्टेंबरात लाकडाच्या गिरणीत कामाला लागला आणि शेजारच्याच भाड्याच्या घरात राहायला आला. खांदा दुखावलाय म्हणून तो स्वतः बंदूक धरत नसे, पण मर्लबरोबर सगळीकडे यायचा. इतकं मन लावून ऐकून घेणारा माणूस मर्लला आजवर भेटला नव्हता. तीन वर्षांपूर्वी ट्रकमधून बेकायदा हरीण मारताना आपल्याला शिकारखात्याच्या वॉर्डनने कसं पकडलं, परवाना गेला, बापाची रायफल सरकारजमा झाली, हे सगळं मर्लने त्याला सांगून टाकलं होतं. दोन्ही गोष्टी या ऑक्टोबरात परत मिळाल्या होत्या. "पुन्हा सापडलास, तर जन्मात बंदूक हातात धरणार नाहीस," असं न्यायाधीशाने बजावलं होतं.

हंगामाचा शेवटचा शनिवार कोरडा गेला. गॅरेटला सकाळी कुठेतरी काम होतं, तो दुपारी आला. दोघं ओढ्याकाठी बसून राहिले, पण एक शेपटीसुद्धा दिसली नाही. दिवस मावळला. शिकारीची वेळ संपली. मर्लने शिकाऱ्यांना सक्तीचं असलेलं नारिंगी जाकीट काढून सीटखाली कोंबलं आणि ट्रक झूकच्या रानाकडे वळवला.

"हा कुठला रस्ता?" गॅरेटने विचारलं.

"जरा बघून जाऊ. बघायला काय जातं?"

वळण ओलांडल्यावर मर्लने दिवे मालवले. उरल्यासुरल्या उजेडात रानाच्या कडेला नर उभा होता. भरघोस शिंगं, रुंद छाती, पूर्ण आडवा.

"अरे देवा," मर्ल पुटपुटला. "किती लांब असेल रे?"

"दोनशे," गॅरेट म्हणाला. गळ्यातल्या अंतरमापकाला त्याने हातही लावला नाही. "वेळ टळून गेलीय, मर्ल. चल, घरी जाऊ."

मर्लचा हात रायफलवर होता. रस्त्यावर मागेपुढे कुणी नव्हतं. न्यायाधीशाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. मग मेहुण्यांच्या भिंतीवरचे पाच सोगे आले.

"हलला तर जाऊ दे," तो म्हणाला. "हलला तर मी देवाचा कौल समजेन."

नर हलला नाही. नुसती शेपटी हलवत राहिला.

"मर्ल, चल ना. डार्लीन वाट बघत असेल. घरी जाऊ."

"थांब लेका, एकच मिनिट!"

मर्लने खिडकीची काच खाली केली, दारावर नळी टेकवली आणि चाप ओढला.

नराने मान वळवली. पडला नाही, पळालाही नाही.

"चुकली!" मर्ल म्हणाला. "मेळच हुकलाय. शंभरावर लावायला हवी होती, तू सांगत होतास तेच खरं!" त्याने फुली जरा खाली धरून दुसरी गोळी झाडली, जरा वर धरून तिसरी. नर शेपटी हलवत तसाच उभा. सहावा सोगा मर्लला डोळ्यांसमोर दिसायला लागला. त्याने दार ढकललं आणि रायफल घेऊन, कुंपण ओलांडून रानात धावत सुटला. मागून गॅरेट सावकाश चालत येत होता.

दहा पावलांवर गेला, तरी नर जागचा हलेना. मर्ल अगदी जवळ गेला. छातीवर तीन भोकं होती, तळहाताखाली झाकतील एवढी जवळजवळ. रक्ताचा थेंब नव्हता. भोकांतून पांढरा फोम बाहेर आला होता, आणि शेपटीच्या आत एक छोटी मोटर घुरघुरत होती.

"मेळ बरोबर बसलाय," मागून गॅरेट म्हणाला. त्याचा आवाज पडलेला होता. "अंतर मी सकाळीच मोजलं होतं, याला इथे उभा करताना."

त्याने जाकिटाची चेन खाली ओढली. आत वॉर्डनचा बिल्ला होता.

"रायफल दे, मर्ल. दोनदा म्हटलं होतं रे, घरी जाऊ."