भुवया असलेला पक्षी

“भुवया होत्या?” नवऱ्याने विचारलं.

“होत्या. पांढऱ्या. जरा रागीटच,” ती खिडकीतून परसात बघत म्हणाली.

नवरा परसाकडे पाठ करून बसला होता. पोलिसांसाठी तीस वर्षं त्याने कधीही न पाहिलेल्या चोरांची चित्रं काढली होती, साक्षीदार सांगतील तशी. समोर बघून काढायचं म्हटलं की त्याचा हात बिचकायचा. निवृत्त झाला आणि सांगणारेच संपले. तीन महिने पेन्सिलीला हात नाही. खुर्चीत बसून बसून स्वतःच खुर्ची व्हायचा बाकी राहिला.

मग एका सकाळी भांडी विसळता विसळता तिने नळावर बसलेल्या बुलबुलाचं वर्णन सुरू केलं. त्याने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तो काढला, हुबेहूब. त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला. दुसऱ्या दिवशी वही आली.

पण परस ते केवढं. बुलबुल, चिमण्या, साळुंक्या, एक दयाळ, एक आगाऊ कावळा. आठवड्यात माल संपला. आठव्या सकाळी पेन्सिलीला टोक काढत त्याने “आज कोण?” म्हणून विचारलं, तेव्हा बाहेर चिटपाखरू नव्हतं. तिने एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि दिलं ठोकून. पिवळं पोट, निळे पाय. पुढे तिची जीभ सैल होत गेली, वही भरत गेली.

आज भुवया पुऱ्या होतायत तोच नणंद आली. ही गळ्यात दुर्बीण अडकवून रानोमाळ हिंडणारी, पाखरांची खडान्‌खडा माहिती असलेली. तिने वही ओढून घेतली. पहिल्या पाच-सहा पानांना मान डोलावली, मग थांबली.

“दादा, हा पक्षी पृथ्वीवर नाही. चोच खंड्याची, तुरा हुदहुदाचा आणि भुवया आपल्या आत्याच्या.”

बायकोने वहीकडे पाहिलं. संपलं. आता वही मिटणार, पेन्सिल पुन्हा खणात जाणार.

नवऱ्याने कागदावरचा रबराचा चुरा फुंकला.

“अगं, साक्षीदार थापा मारतोय हे मला दुसऱ्या वाक्यालाच कळतं,” तो बहिणीला म्हणाला. मग खुर्ची सरकवून उठला, पायात चपला अडकवल्या आणि बायकोकडे वळला.

“उद्या कोण येणार आहे ते आत्ताच सांगून ठेव. बाजारात चाललोय, तसे रंग घेऊन येतो.”