खोलीपेक्षा थंड

चंद्रपूरच्या मे महिन्यात भर दुपारी रेणुकाचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. आर्किटेक्चरचं शेवटचं सबमिशन परवावर आलेलं, आणि तिच्या इमारतीचं चित्र दर वेळी अर्ध्यावरच विझत होतं.

"तापत असेल," ती म्हणाली.

"शक्यच नाही." हर्षलदादानं सुटे भाग आणून ते मशीन स्वतः जोडलं होतं. ते चालू करून त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे पाहा, प्रोसेसर एकोणतीस डिग्री."

रेणुका त्या आकड्याकडे पाहत राहिली. "दादा, भिंतीवरचं डिजिटल घड्याळ खोलीचंच तापमान अडतीस दाखवतंय. नुसत्या पंख्याच्या हवेनं एखादी वस्तू खोलीपेक्षा थंड कशी होईल?"

दादानं तापमान दाखवणारं दुसरं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. त्यात आकडा आला सत्त्याण्णव.

"आता खरं कोणाचं मानायचं?"

"उघडून पाहू ना," ती म्हणाली.

दादानं कॅबिनेट उघडून प्रोसेसरवरचा पंखा खालच्या धातूच्या ठोकळ्यासकट काढला. ठोकळ्याच्या तळाला कंपनीचं पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं होतं. जोडण्याआधी ते काढायचं राहूनच गेलं होतं, त्यामुळे प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात नीट जातच नव्हती. दादाचे कान लाल झाले.

रेणुकानं नखानं ते प्लास्टिक सोललं. "बाबांना नाही सांगत. पण पुढचं मशीन मी जोडणार."

"पुढचं कशाला?" त्यानं स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला. "हेच जोड. मी टॉर्च धरतो."

संध्याकाळी स्क्रीनवर तिची इमारत गच्चीपर्यंत उभी राहिली, तेव्हा आईला बोलवायला दादाच आधी धावला.